कोचचा फोन रोज येतो, रजिस्ट्रारचा येत नाही

*ताई, नमस्कार.*

*आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली २२ वर्षं टेक्सासमध्ये. धाकटा मुलगा २० वर्षांचा, इथेच जन्मलेला. उंची सहा फूट चार इंच, कुणावर गेलाय देव जाणे. हायस्कूल संपलं तेव्हा एकाही चार वर्षांच्या कॉलेजने विचारलं नाही, म्हणून वेस्ट टेक्सासमधल्या एका दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात बास्केटबॉल खेळायला गेला. येत्या मे महिन्यात दोन वर्षं पूर्ण होतील. यंदा तो पहिल्या पाचात खेळला, आणि आता एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजचा असिस्टंट कोच रोज फोन करतो. कॉलेज दुसऱ्या राज्यात, विमानाने जावं लागेल इतकं लांब. माणूस फार गोड. दिवाळीला त्याने माझ्या बायकोला शुभेच्छा पाठवल्या होत्या, आणि आम्ही शाकाहारी आहोत हेही त्याच्या लक्षात आहे. येत्या शुक्रवारी आम्हा तिघांना त्यांच्या खर्चाने बोलावलंय. स्कॉलरशिप पूर्ण, वर एनआयएलचे (खेळाडूच्या नाव-प्रतिमेच्या वापराचे) ‘थोडेफार’, पण सोमवारपर्यंत हो-नाही सांगा म्हणतो.*

*दुसरीकडे टेक्सासमधलंच एक डिव्हिजन टू सरकारी विद्यापीठ आहे, घरापासून चार तासांवर. साधारण पाऊण खर्च उचलायचं पत्र त्यांनी लेखी दिलंय. मुलाला फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय. बायको म्हणते डिव्हिजन वन. मी म्हणतो, खेळ पुरे झाला, घरी राहून कॉम्प्युटर सायन्स कर. साताऱ्याचा भाऊ विचारतो, ‘अजून ज्युनिअर कॉलेजातच आहे का रे तो?’ ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं गुणपत्रक) सोबत जोडली आहे, नाव खोडून. काय करावं?*

*एक बाबा, डॅलसजवळून*

नमस्कार दादा,

पत्र बरंच मोठं होतं, इथे कापून घेतलं आहे. हे उत्तर छापायच्या आधीच तुम्हाला पाठवते आहे, कारण कोचचा सोमवार काही या सदराच्या तारखेसाठी थांबणार नाही.

तुमच्या मूळ पत्रात निम्म्याहून जास्त मजकूर कोचबद्दल आहे आणि ट्रान्सक्रिप्टचा उल्लेख शेवटच्या ओळीत. मी वाचायला सुरुवात तिथूनच केली. कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना कोर्स निवडायला मदत करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे एखाद्या खेळाडूची ट्रान्सक्रिप्ट समोर आली की त्याच्या दोन वर्षांत कुणी लक्ष घातलं आणि कुणी नुसतं ढकललं, हे पाच मिनिटांत कळतं.

तुमच्या मुलाचे ६४ क्रेडिट झालेत, जीपीए २.९. इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन्ही कोर्स आहेत, कॉलेज अल्जिब्रा आहे, अमेरिकन इतिहासाचे दोन, फेडरल गव्हर्नमेंट, टेक्सास गव्हर्नमेंट, सायकॉलॉजी, स्पीच आणि लॅबसकट बायोलॉजी. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचा पहिला भाग केलाय, त्यात ‘सी’ आहे. मग खाली बघा: प्रत्येक सेमिस्टरला एकेक क्रेडिट ‘व्हर्सिटी बास्केटबॉल’, पुढे ‘फर्स्ट एड’, ‘स्पोर्ट्स ऑफिशिएटिंग’, ‘लर्निंग फ्रेमवर्क’. केमिस्ट्री नाही. फिजिक्स नाही. डिग्रीच्या रकान्यात ‘असोसिएट इन जनरल स्टडीज’. सगळ्यात तळाशी एक बारीक ओळ आहे, ‘कोअर कम्प्लीट’. ती तुम्ही बहुतेक वाचलीच नसेल, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या कागदांत तीच सर्वांत किमती आहे.

ती ओळ म्हणजे टेक्सासचा ४२ क्रेडिटचा सामायिक अभ्यासक्रम पुरा झाला, ही नोंद. टेक्सासमधल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठाला तो गठ्ठा जसाच्या तसा घ्यावा लागतो. हा कोर्स चालेल, तो चालणार नाही, अशी निवडानिवड करता येत नाही. राज्याची सीमा ओलांडली की हे संरक्षण संपलं. दुसऱ्या राज्यातला रजिस्ट्रार एकेक कोर्स हातात घेऊन आपल्या यादीशी ताडून बघणार. ‘टेक्सास गव्हर्नमेंट’ त्याच्या यादीत कुठे बसणार? तो कोर्स बहुधा ‘फ्री इलेक्टिव्ह’ म्हणून जमा होईल. म्हणजे क्रेडिट मिळालं, पण डिग्रीतलं काहीच भागलं नाही.

यानेच डिव्हिजन वनचं गाडं अडतं. मुलगा हायस्कूलपासून ‘क्वालिफायर’ होता, म्हणजे डिव्हिजन वनच्या अभ्यासाच्या अटी त्याने तेव्हाच पुऱ्या केल्या होत्या, असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे दारातून आत जायची अट सोपी आहे: २.५ जीपीए, आणि पूर्णवेळ सेमिस्टरमागे सरासरी १२ ट्रान्सफर होणारे क्रेडिट. ती तो पार करेल. कोच तुम्हाला ‘ही इज गुड टू गो’ म्हणाला ते या अटीपुरतं खरं आहे. पण तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या खेळाडूसाठी एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) आणखी एक अट असते. ज्या डिग्रीला त्याने नाव घातलंय त्या डिग्रीचं ४० टक्के काम आधीच झालेलं लागतं, चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला ६० टक्के. १२० क्रेडिटची डिग्री धरली तर त्याच डिग्रीला लागू पडणारे ४८ क्रेडिट. एक्सरसाइज सायन्ससारखी डिग्री धरून मी तुमच्या मुलाचे क्रेडिट मोजले, तर माझा आकडा चाळिशीच्या आसपास घुटमळतो. नेमकं उत्तर त्या कॉलेजचा रजिस्ट्रारच देऊ शकतो, मी नाही, आणि कोच तर मुळीच नाही.

आकडा भरला नाही तर काय होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आरडाओरडा होत नाही, कुणी वाईट वागत नाही. ऑगस्टमध्ये ॲथलेटिक विभागाचा सल्लागार मुलाला बोलावतो आणि हसतमुखाने सांगतो, तुला आपण इंटरडिसिप्लिनरी स्टडीजमध्ये टाकू, तिथे तुझं सगळं बसतं. मुलगा मान डोलावतो, कारण पुढच्या खोलीत त्याच्या नव्या जर्सीचं माप घ्यायला कुणीतरी थांबलेलं असतं. घरी कळतं दिवाळीत. ती डिग्री टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. फिजिकल थेरपीच्या तीन वर्षांच्या डॉक्टरेटला प्रवेश घेताना पदवी कुठल्या विषयाची आहे याला फारसं महत्त्व नसतं. त्यांना हवे असतात ठरावीक कोर्स. बहुतेक ठिकाणी केमिस्ट्रीचे दोन, फिजिक्सचे दोन, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग, स्टॅटिस्टिक्स, आणि विज्ञानाचे सगळे लॅबसकट. तुमच्या मुलाच्या खात्यात यातलं आज किती आहे ते वर लिहिलंच आहे. राहिलेलं सगळं दोन वर्षांत, दुपारच्या प्रॅक्टिसच्या वेळेला टक्कर देणाऱ्या लॅब सांभाळत, आठवड्याच्या मधोमध विमानप्रवास करत करायचं. नियमाने हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, पण प्रवास त्या २० तासांत धरत नाहीत. स्कॉलरशिप दोन वर्षांत संपली आणि चार कोर्स उरले, तर तिसऱ्या वर्षाची फी तुमच्या खिशातून, तीही परराज्याच्या दराने.

डिव्हिजन टूमध्ये ती ४० टक्क्यांची अट नाही. तिथे तो थेट किनेसिऑलॉजीला नाव घालू शकतो, कोअरचे ४२ क्रेडिट आयते जमा. तुम्ही या कॉलेजबद्दल पत्रात दोनच ओळी लिहिल्या आहेत, आणि त्यातलीही एक ‘पण डिव्हिजन टूच आहे’ अशी. हातात लेखी पत्र असलेल्या कॉलेजला एवढंसंच माप? डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या अख्ख्या बास्केटबॉल संघासाठी मिळून १० पूर्ण स्कॉलरशिपइतकेच पैसे असतात, आणि कोच ते पंधरा-सोळा मुलांत वाटतो. त्यातून तुमच्या मुलाला पाऊण खर्च मिळत असेल, तर त्या कोचला तो किती हवाय हे वेगळं सांगायची गरज नाही.

आता डिव्हिजन वनच्या गोड माणसाकडे येऊ. त्याच्यावर माझा राग नाही. रोज फोन करणं हीच त्याची नोकरी आहे, आणि मुख्य कोच बदलला तर त्याची नोकरीही त्याच्याबरोबर जाते. पण तो आत्ताच, याच महिन्यात, इतक्या घाईने का बोलतोय, हे कळून घ्या.

काही वर्षांपूर्वीपर्यंत चार वर्षांच्या एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या बास्केटबॉल खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. जुकोचा (ज्युनिअर कॉलेजचा) मुलगा मात्र अटी पुऱ्या असतील तर आल्या आल्या खेळू शकायचा. म्हणून मार्च महिन्यात कॅन्ससमधल्या हचिन्सन या गावी जुकोची राष्ट्रीय स्पर्धा भरली की प्रेक्षकांत रांगेने कोच बसलेले असायचे. एप्रिल २०२१ मध्ये एनसीएएने एकदा कॉलेज बदलणाऱ्याची बसण्याची शिक्षा काढून टाकली, एप्रिल २०२४ मध्ये कितीही वेळा बदला म्हणून सांगितलं. आता कोचला हवा तो अनुभवी गडी ट्रान्सफर पोर्टलवर (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) मिळतो, डिव्हिजन वनमध्ये तावूनसुलाखून निघालेला. तुमच्या मुलाला हायस्कूलनंतर कुणी विचारलं नाही, त्याचंही मोठं कारण हेच. त्याच्या खेळात खोट होती असं समजू नका. एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं की कोचच्या फळ्यावर एका जागेसाठी तीन-चार नावं लिहिलेली असतात. कुणी पोर्टलवरचा, कुणी जुकोचा, कुणी परदेशातला. जो आधी हो म्हणेल त्याची जागा. सोमवार त्यातून येतो.

म्हणून मुलाने कोचला एक प्रश्न सरळ विचारायचा: मी तुमच्याकडे कितवा गार्ड? खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर, ती तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत पुरुषांच्या संघाला १५ जागा आणि त्या सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते; आधी स्कॉलरशिपची मर्यादा १३ होती. या वाढलेल्या दोन जागांवर जुकोचा मुलगा भरला जाऊ शकतो. चौदाव्या खुर्चीवरही स्कॉलरशिप पूर्णच असते, कोच खोटं बोलत नाही. फक्त खेळायला मिळत नाही. आणि तुमचा मुलगा जुकोच्या भाषेत ‘थ्री फॉर टू’ आहे: तीन वर्षं शिल्लक, पण खेळायला हंगाम दोनच. मधूनमधून दोन-चार मिनिटं खेळून एक हंगाम बाकावर गेला की निम्मं संपलं.

तुमच्या भाच्याने सांगितलंय ना, की जुकोची वर्षं आता मोजतच नाहीत? तो ज्या खटल्याबद्दल बोलतोय तो व्हँडरबिल्टचा फुटबॉल खेळाडू दिएगो पाविया याचा. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशाने त्याला आणखी एक हंगाम खेळू दिला, आणि मग एनसीएएने त्याच्यासारख्यांना २०२५-२६ पुरती सवलत दिली. सवलत म्हणजे नियम नव्हे. असे खटले अजून ठिकठिकाणी चालू आहेत. त्यातून तुमच्या मुलाला काही मिळालं तर आनंदच आहे, पण कोर्टाच्या भरवशावर घरातला हिशोब मांडू नका. कोच जर म्हणत असेल की ‘डोन्ट वरी, तिसरा हंगाम मिळेल’, तर त्याला तेही लिहून मागा. लगेच सूर बदलेल बघा.

पैशांचं थोडक्यात. ‘थोडेफार’ हा आकडा नसतो. हाउसच्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षीची कमाल मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. या बातमीने सगळ्यांचे डोळे दिपलेत. तेवढं देणारी कॉलेजं मोठ्या कॉन्फरन्समधली, आणि त्यातलाही मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला जातो. तुमच्या मुलाला बोलावणारं कॉलेज त्या पंक्तीतलं नाही. जे काही देणार असतील ते करारात किती, कधी, कुणाकडून, आणि तो जखमी झाला तर चालू राहणार का, एवढं लिहिलेलं हवं. त्या पैशांवर कर भरावा लागतो. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भागही करपात्र असतो, हे तर फार थोड्या पालकांना माहीत असतं. आणि कोचपर्यंत मुलाचं नाव पोचवतो म्हणणाऱ्या ‘रिक्रूटिंग सर्व्हिस’वाल्याला तुम्ही दिलेले पैसे गेले समजा, मुलाला घरबसल्या फोन येत असताना त्याची गरजच काय होती?

(इतर वाचकांसाठी कंसात: या पत्रातला मुलगा अमेरिकन नागरिक आहे. तुमचा एच-फोर किंवा एफ-वन व्हिसावर असेल, तर एनआयएल किंवा कॉलेजकडून मिळणाऱ्या पैशांना हात लावण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला भेटा. कोच ‘इतर परदेशी मुलं घेतात’ म्हणाला, तरी व्हिसा त्याचा जाणार नसतो.)

तर शुक्रवारी जा. जरूर जा, तिघंही जा. तुमच्या मुलाने हे निमंत्रण घामाने कमावलंय, त्याला तो दिवस उपभोगू द्या. ते त्याला लॉकर रूममध्ये नेतील, जर्सी घालून दिव्यांच्या झोतात फोटो काढतील, स्कोअरबोर्डवर त्याचं नाव झळकवतील. वहिनींसाठी पनीर असेल. हे सगळं होत असताना तुम्ही दोन माणसांची स्वतंत्र भेट मागा: कम्प्लायन्स ऑफिसर (नियम पाळले जातात का हे बघणारा अधिकारी), आणि बास्केटबॉल संघाचा अभ्यास सांभाळणारा सल्लागार. कोचला बरोबर न घेता. व्हिजिटच्या वेळापत्रकात या दोघांसाठी अर्धा तासही निघत नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

जायच्या आधी मुलाने, तुम्ही नव्हे, मुलाने, सल्लागाराला ईमेल टाकायचा. शब्द साधेच: माझी ट्रान्सक्रिप्ट जोडली आहे. माझा प्रत्येक कोर्स तुमच्याकडे कशाच्या बदल्यात धरला जाईल, ते कळवा. एक्सरसाइज सायन्समध्ये माझी टक्केवारी किती भरते? भरत नसेल तर मे आणि उन्हाळ्यात कुठले कोर्स केल्याने भरेल, आणि त्यांची फी कोण देईल? प्री-पीटीच्या लॅब सकाळी मिळतात का? हा ईमेल वडिलांच्या पत्त्यावरून गेला तर तिकडे ‘तापदायक पालक’ अशी नोंद होते, आणि मुलगा स्वतःच्या भविष्याबद्दल बोलायला कायम तुमच्या मागे उभा राहायला शिकतो. तो २० वर्षांचा आहे.

घरी बसून करता येण्यासारखं एक काम तुम्हाला देते, तुम्ही आयटीतले आहात, आवडेल. त्या कॉलेजच्या वेबसाइटवर गेल्या चार-पाच वर्षांचे संघ असतात. हा मुख्य कोच आल्यापासून किती मुलं जुकोतून आली, किती मिनिटं खेळली, दुसऱ्या वर्षी किती जण दिसतात, हे एका तक्त्यात मांडा. पहिल्या वर्षी आले आणि दुसऱ्या वर्षी नावच गायब, असं वारंवार दिसलं तर व्हिजिटमध्ये कोचला कारण विचारा. मुख्य कोचचा करार कधी संपतो तेही शोधा. सरकारी कॉलेज असेल तर बातम्यांत सापडतं. स्कॉलरशिपचा करार कॉलेजशी असतो, कोचशी नाही, त्यामुळे कोच गेला म्हणून ठरलेल्या मुदतीत पैसे बंद होत नाहीत. पण करार एक वर्षाचा की दोन, हे त्या कागदावर बघायचं. दोन वर्षांचा मागा.

माझं मत विचाराल तर असं. क्रेडिटचा हिशोब लेखी आला, एक्सरसाइज सायन्स निघालं, करार दोन वर्षांचा आहे आणि कोचने कितवा गार्ड ते डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, तर मुलाला डिव्हिजन वनला जाऊ द्या आणि तुम्ही दोघं महिन्यातून एकदा विमानाने सामना बघायला जा. यातलं पहिलं, म्हणजे क्रेडिटचं, सोमवारपर्यंत आलं नाही, तर कोचला नम्रपणे सांगायचं, ‘आम्हाला शुक्रवारपर्यंत वेळ हवा.’ ज्याला मुलगा खरंच हवाय तो चार दिवस थांबतो. जागा जाऊही शकते, हे मी लपवत नाही. मग ती गेली म्हणून हळहळायचं नाही. तेव्हा डिव्हिजन टूला हो म्हणायचं, आणि ‘तिथे मिळालं नाही म्हणून इथे’ असं घरात एकदाही बोलायचं नाही. त्यांनाही आज-उद्या फोन करून उत्तर द्यायची शेवटची तारीख विचारून ठेवा. पाऊण खर्चाचं लेखी पत्र देणाऱ्याला ताटकळत ठेवणं बरं नाही.

वहिनींना एक सांगा. जिमी बटलरचं उदाहरण त्या देतात ते अगदी खरं आहे. टायलर ज्युनिअर कॉलेज, तिथून मार्क्वेट, मग २०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) तिसावा. पण मार्क्वेटमधल्या पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५.६ गुणांची होती, आणि त्याच्यापुढे तिथे तीन हंगाम होते, कारण जुकोत तो एकच वर्ष खेळला होता. तुमच्या मुलाकडे दोन आहेत. रुळायला वेळ लागला तर तो वेळ येणार कुठून?

आणि दादा, तुमचा तिसरा पर्याय मी चर्चेलाच घेतला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कॉम्प्युटर सायन्समध्ये त्याने एकही कोर्स केलेला नाही, कॅल्क्युलससुद्धा नाही. घरी बसवून, पूर्ण फी भरून, त्याला न आवडणाऱ्या विषयात पहिल्या वर्षापासून सुरुवात करायला लावणं म्हणजे हातातल्या दोन स्कॉलरशिप टाकून देणं. तुम्हाला भीती वाटते ती खेळाची नाही, पुढे पोटापाण्याचं काय याची आहे, आणि ती रास्त आहे. त्याच भीतीने ट्रान्सक्रिप्ट बघितली असती तर दोन वर्षांपूर्वी केमिस्ट्री घ्यायला लावली असती. आता बघा.

साताऱ्याच्या भावाला सांगा, इथलं ज्युनिअर कॉलेज बारावीनंतरचं असतं, आणि तुमचा पुतण्या ज्या पट्ट्यात खेळतोय तिथली माती काही कमी नाही. ओडेसा कॉलेजातून लॅरी जॉन्सन निघाला, यूएनएलव्हीला १९९० चं विजेतेपद मिळवून देऊन १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला. मिडलंड कॉलेजने १९८२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा संघात स्पड वेब होता, बुटका, तुमच्या बाकी घराण्याच्या उंचीचा. लेव्हललंडच्या साउथ प्लेन्स कॉलेजातून शेरिल स्वूप्स टेक्सास टेकला गेली आणि १९९३ च्या अंतिम सामन्यात एकटीने ४७ गुण केले. भावाला एवढं पुरेल.

एक काम मात्र दोन्ही कॉलेजांच्या उत्तराची वाट न बघता करायचं. ज्युनिअर कॉलेजांत मे महिन्यात तीन आठवड्यांचं छोटं सत्र असतं, आणि उन्हाळ्यात पाच-पाच आठवड्यांची दोन. मुलाला त्याच्या सध्याच्या कॉलेजातच मेमध्ये स्टॅटिस्टिक्स आणि उन्हाळ्याच्या पहिल्या सत्रात लॅबसकट केमिस्ट्री घ्यायला सांगा. डिव्हिजन वन असो की टू, पुढे डॉक्टरेट असो की नसो, हे दोन्ही लागणारच आहेत, आणि आजच्या भावात ते सर्वांत स्वस्त पडतील. केमिस्ट्रीच्या लॅबच्या जागा लवकर भरतात. त्याला आज रात्रीच पोर्टलवर बघू दे. ट्रान्सफरच्या नव्हे, कॉलेजच्या नोंदणीच्या.